खुर्ची मिळाली त्या वर्षी

लिहिण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. नोकरीभर यंत्राला द्यायच्या आज्ञांखेरीज मी फारसे काही लिहिले नाही. या वयात गद्याला हात घालणे हे धार्ष्ट्यच आहे. वाचकांनी ते पदरात घ्यावे.

सत्तरच्या दशकात मी कलकत्त्याला, गार्डन रीचमधल्या एका कचेरीत, प्रोग्रॅमर होतो. प्रोग्रॅम तेव्हा भोके पाडलेल्या कार्डांवर उतरत असे. यंत्राचा वेळ अपुरा, त्यात वीज केव्हाही जाई. म्हणून आमच्यात एक शिरस्ता होता. कोणाचाही प्रोग्रॅम यंत्रावर चढण्यापूर्वी शेजारच्याने तो कागदावर ओळीओळीने वाचून चुका काढायच्या. माझे कागद वाचणारा बंगाली सहकारी चूक सापडली की खुशीत येई. "मासे खात नाहीस, मग डोकं चालणार कसं?" त्याची चूक मला सापडली की आजचा मासा शिळा असणार, असे मी म्हणे.

पुढे मला बढती मिळाली आणि त्या सगळ्यांचा मी प्रमुख झालो. कोणाचा प्रोग्रॅम आधी चालवायचा हे ठरवणे, रजा मंजूर करणे, बैठकांना बसणे, वीज गेली की फोन करत राहणे, एवढेच माझे काम उरले. संध्याकाळी घरी परतताना बेहालाच्या बसमध्ये उभा असताना आज आपण काय केले ते आठवू पाहावे, तर हाती काही लागत नसे. पत्नीजवळ हे बोललो तेव्हा ती म्हणाली, "दमून तर रोज येता. काहीतरी करत असालच की."

एके दिवशी भांडारातल्या मालाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम मध्येच अडला. मी जवळजवळ धावतच गेलो, टेबलावरचे कागद ओढून घेतले आणि चूक कुठे आहे ते बोट ठेवून दाखवले. ते कागद जुने होते; ती चूक मंडळींनी केव्हाच दुरुस्त केली होती. मी त्या सहकाऱ्याकडे पाहिले. माशांवरून तो काही बोलेल, निदान हसेल, अशी मला फार आशा होती.

"आम्ही बघतो, सर. आपण बसा," तो म्हणाला आणि त्याने माझ्यासाठी चहा मागवला. मी चहा घेत असतानाच त्यांना खरी चूक सापडली.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांकडे गेलो आणि मला जुन्या जागी परत पाठवावे अशी विनंती केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"तुमच्यावाचून त्यांचं अडतं का?"

"नाही."

"मग तुमचं काम उत्तम चाललंय."

विनंती तिथेच राहिली आणि निवृत्त होईपर्यंत मी त्याच खुर्चीवर बसलो. त्यांचे म्हणणे खरे असेलही. मला मात्र ते आजतागायत पटवून घेता आलेले नाही. ज्याच्यावाचून कोणाचेच अडत नाही, त्याने आपले काम चोख होत आहे असे समजावे, की आपली गरज संपली असे?