बाराव्या मशिनीनंतर बेल

आबांना खोटं पाडलं ते मी लिहिलेल्या प्रोग्रामने. आठवलं की आजही डोकं तापतं.

जळगावच्या एका छोट्या कंपनीत मी नवीन होते. धुळ्यातल्या एका हॉस्पिटलच्या डायलिसिस वॉर्डसाठी आम्ही प्रोग्राम केला होता. बारा मशिनींचे आकडे नर्सच्या टेबलावरच्या स्क्रीनवर यायचे. पेशंटने खाटेजवळची बेल दाबली की त्याच स्क्रीनवर खाटेचा नंबर लाल व्हायचा आणि वेळेची नोंद व्हायची.

आबा शिरपूरकडचे, कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्य काढलेले. दुपारच्या पाळीला डायलिसिससाठी यायचे. एकदा मशीन चालू असताना त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले. त्यांनी बेल दाबली, कोणी आलं नाही. कळवळून दाबतच राहिले. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी ओरडून नर्सला बोलावलं. आबांनी तक्रार केली तेव्हा हेड सिस्टरांनी नोंदी काढल्या. बेलची वेळ नर्स पोचल्यानंतरची होती. झालं. फायलीवर शेरा पडला : पेशंट विनाकारण तक्रारी करतो.

आमच्या सरांना हे फोनवर कळलं. नोंद आहे ना आपल्याकडे, मग विषय संपला, असं ते म्हणाले आणि जेवायला गेले. मला मात्र आमची चाचणी आठवली. ऑफिसात सहा मशिनी जोडून बघताना बेल किंचित उशिरा दिसत होती. मी तेव्हा सांगितलं होतं. आधी डेमो होऊ दे, सेकंद कोण मोजतं, असं सर म्हणाले होते. आणि मी गप्प बसले होते.

दुसऱ्या दिवशी एसटीने धुळं गाठलं. बाराही मशिनी चालू असताना कोपऱ्यातल्या राखीव खाटेची बेल दाबली आणि घड्याळ धरून बसले. स्क्रीनवर लाल खूण उमटायला नऊ मिनिटं लागली. आणि नोंदीत वेळ पडली ती लाल खूण उमटल्याची.

कारण साधं होतं, म्हणून जास्त संताप आला. प्रोग्रामच्या आत इव्हेंट लूप असतो. बाहेरून काय काय आलं ते तो एकामागून एक हाताळतो, पुन्हा पुन्हा फेरी मारतो. आम्ही वापरलेल्या फ्रेमवर्कचा, म्हणजे आयत्या सांगाड्याचा, लूप मशिनींनी पाठवलेले आकड्यांचे सगळे निरोप संपवायचा, मगच बेलकडे वळायचा. सहा मशिनींचे निरोप संपायचे तरी. बारा मशिनींचे संपता संपता नवे येऊन पडायचे. बोलक्या मशिनींपुढे आबांच्या बेलची पाळीच यायची नाही.

मी दुरुस्ती केली. एका फेरीत प्रत्येक मशिनीचे ठराविकच निरोप घ्यायचे, मग बेल बघायची, मग पुढे. आणि वेळ नोंदवायची ती बेल दाबल्याची. दोन दिवसांचं काम. फक्त दोन दिवसांचं.

सरांनी हॉस्पिटलला मेल पाठवला : नव्या आवृत्तीत बेल अधिक वेगवान. चुकीबद्दल एक अक्षर नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "कंपनी बुडवायची आहे का तुला?"

मी नवा प्रोग्राम घेऊन धुळ्याला गेले आणि हेड सिस्टरांना आबांच्या खाटेपाशी बोलावलं. दोघांनाही सांगितलं की आबांनी बेल वेळेवर दाबली होती, नोंद चुकीची होती, आणि तो प्रोग्राम माझा आहे.

आबा मग म्हणाले, "मी बठ्ठासले सांगं. कोनीच आयकं नही. आते हाई कागदवर लिखी दे."

सगळ्यांना सांगूनही कोणीच ऐकलं नव्हतं, म्हणून आबांना ते कागदावर हवं होतं. मी तिथेच टेबलावर लिहून दिलं, खाली सही केली. सिस्टरांनी तो कागद फायलीला लावला. शेरा मात्र खोडला नाही. खोडायची पद्धत नाही, असं त्या म्हणाल्या. आबांची माफी त्यांनी मागितली नाही. मी मागितली.

कागदाचं कळल्यावर सरांनी हॉस्पिटलचं काम माझ्याकडून काढून घेतलं. दिवाळीनंतर मी नोकरी सोडली. सध्या चाळीसगावला घरूनच काम करते. त्या कागदाची एक प्रत मी ठेवली आहे. सरांनी ती मागितली होती, मी दिली नाही.