जॉबरमामांची पेडलवाली गिटार

जॉबरमामा बोलायला लागले की शेजारची माणसं खिडक्या लावून घ्यायची. गिरणीच्या माग खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. तिथल्या खडखडाटात ओरडल्याशिवाय शब्द पोचत नाही. मामा निवृत्त झाले, आवाज झाला नाही. "च्या घेतीस का?" हेसुद्धा ते भांडायला उठल्यासारखं विचारायचे.

मूळचे माढ्याकडचे शेतकरी. बिघडलेला माग दुरुस्त करणाऱ्याला गिरणीत जॉबर म्हणतात, आणि त्या कामात मामांचा हातखंडा होता. असा माणूस गिटार वाजवतो यावर कुणाचा विश्वास बसत नसे. रेल्वेतले एक ड्रायव्हरसाहेब देश सोडून जाताना आपली हवाईयन गिटार त्यांना देऊन गेले होते. ती चार पायांवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली पोलादी दांडी तारांवरून सरकवायची. पुढे एका परदेशी मासिकात मामांनी पेडलवाल्या गिटारीचं चित्र पाहिलं आणि मोडीत निघालेल्या मागाचे भाग जोडून हिला तीन पेडल बसवले. पायानं पेडल दाबला की तार ताणली जाऊन सूर वर चढायचा. सोलापुरात अशी दुसरी गिटार मी तरी पाहिली नाही.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागले होते आणि क्लासातल्या गिटारवर शिकत होते. स्वतःची हवी, हा ध्यास. बोटं आखडली म्हणून मामा आपली गिटार विकताहेत असं कळलं, तशी मी त्याच दुपारी जाऊन धडकले. सौदा झाला, टांगा दारात आला, आणि मामांनी पक्कड काढून साऱ्या तारा उतरवायला सुरुवात केली.

"अहो मामा, हे काय?"

"सूत चढलेला माग कुनी इकत न्हाय. आदी रिकामा करायचा, मंग द्यायचा. तार म्हंजे सूतच की!"

मागवाल्यांच्या या रिवाजापुढे माझं काही चाललं नाही. बिनतारांची गिटार म्हणजे नुसतं लांबट टेबल. आईनं तिच्यावर दोन दिवस खुशाल परकर वाळत घातले.

पुण्याहून नव्या तारा यायला तीन आठवडे लागले. त्या पेडलांच्या हिशेबानं कुठली तार कुठल्या सुरात लावायची, हे मामांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. ते आले आणि दोन तास बसले. "घाई न्हाय करायची. तार लई रुसती," म्हणाले. जाड तारा सुरेख लागल्या. शेवटच्या तीन बारीक तारा मात्र इतक्या चढवल्या की माझे कान किटले. मामांनी मान तिरकी करून पुन्हा पुन्हा छेडून पाहिलं. मग, प्रथमच हळू आवाजात, विचारलं, "बरूबर हाय का गं?"

त्यांचा चेहरा बघून खरं सांगायला माझी जीभ उचलेना. "अगदी बरोबर आहे, मामा."

ते बोळातून वळले मात्र, मी तिन्ही तारा खाली उतरवून नीट केल्या. म्हाताऱ्या माणसाचं मन राखलं म्हणून मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

पुढे वर्षभर पेडलांना तेल द्यायला ते महिन्यातून एकदा यायचे. मी वाजवायचे, ते फक्त माझ्या पायाकडे बघायचे. "टाच उचल! टाचंनं न्हाय, चवड्यानं दाबायचं!" हे अख्ख्या गल्लीला पाठ झालं होतं.

मग माझी पुण्याला बदली झाली. गिटार गाडीत नीट जावी म्हणून मामा स्वतः गोणपाट घेऊन बांधायला आले. तारा उतरवण्याआधी थबकले. "ह्या तीन खुंट्या फिरल्यात."

"तुम्ही तारा लावून गेलात, तेव्हाच लगेच फिरवल्या होत्या मी."

"म्हंजे त्या दिशी चुकल्या व्हत्या."

मी मान डोलावली. मामा रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत.

"घरात समदी म्हनत्यात, तुमास्नी ऐकू येतंय की! पोरगा बी, सून बी. म्हनून तर तुला इचारलं. म्हनलं, ही वाजवनारी हाय, ही तरी खरं सांगंल."

एवढं बोलून ते कामाला लागले. एकेक तार उतरवून गोणपाट गुंडाळलं, सुतळी आवळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं, मामा," मी म्हणाले, पण त्यांच्या पाठीमागून आणि हळू. त्यांना ते ऐकू गेलं नाही, आणि पुन्हा मोठ्यानं म्हणायचा मला धीर झाला नाही.