नऊ नंबरच्या चिठ्ठ्या

दूध उतू जाईल म्हणून मी ओट्यापाशी उभी होते. मोठ्या जाऊबाई खिडकीत बसून चष्मा पुसत होत्या. कारखाना बंद पडून बारा दिवस झाले, तरी सात वाजता त्या आपल्या तयार. इतक्यात दार वाजलं. वाजलं कसलं, कुणीतरी बडवलंच.

दारात कारखान्याचा मुकादम, मागे शिलाईवरच्या दोघी. त्यातल्या थोरलीने उंबऱ्याबाहेरूनच तोंड सोडलं, "झोप बरी लागते हो बाई तुम्हाला, आमच्या चुली थंड करून!"

जाऊबाई हातमोज्यांच्या कारखान्यात तपासनीस. एकवीस वर्षं झाली. माल सगळा परदेशी जातो. बाकीच्या तपासनीस शिवण नुसती नजरेखालून घालतात. या प्रत्येक मोजा हातात चढवून मूठ वळतात. टाका कच्चा असला की बोटांच्या बेचक्यात लगेच उसवतो. पास झालेल्या जोडात आपल्या नंबरची चिठ्ठी घालायची, अशी तिथली रीत. यांचा नंबर नऊ. नऊची चिठ्ठी दिसली की पलीकडचा व्यापारी जोड पुन्हा तपासतसुद्धा नाही, असं मालक चारचौघांत सांगायचे. ते ऐकून आल्या की जाऊबाईंचे पाय दोन दिवस जमिनीला लागत नसत.

तिथेच त्या फसल्या. पलीकडच्या सरकारने बाहेरच्या मालावरचा कर वाढवायचं जाहीर केलं. एक तारखेच्या आत माल पोचला तरच जुना कर. मग काय, पंधरा दिवस शिलाई यंत्रांना उसंत नाही. तपासायला वेळ कुठला? मुकादमाने नऊच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे छापून आणले आणि न तपासलेल्या जोडांतही घालायला सगळ्यांना वाटले. जाऊबाईंनी हे पाहिलं आणि गप्प बसल्या. आपल्या नंबरावर कारखाना चालतोय, यातच खूश! एवढं करून जहाज दोन दिवस उशिरा लागलं. आता शिवण उसवते म्हणून माल परत आला होता, कारखाना बंद पडला होता, आणि जोडाजोडात नऊ.

मुकादमाने कागद सहीसाठी जाऊबाईंपुढे केला. "तपासणीत माझ्याकडून हयगय झाली, एवढंच लिहिलंय. तपासनीस बदलली असं दाखवलं, तर व्यापारी पुढची ऑर्डर देतो म्हणतोय."

"आणि यांच्या नोकरीचं काय?" मी विचारलं.

"वहिनी, एकीची जाईल. ऐंशी जणींची राहील."

"टाके कच्चे कुणी घातले?" जाऊबाई शिलाईवाल्यांकडे वळल्या. "मी?"

"दुप्पट जोड मागितल्यावर टाके काय रेशमी पडणार?" थोरली उसळली. "आणि चिठ्ठ्या वाटल्या तेव्हा जीभ कुठे ठेवली होती? तेव्हा तर मिरवत होतात!"

जाऊबाईंचा चेहरा उतरला. मला राहवेना. "अहो, नवा कर लागला, व्यापाऱ्याला माल महाग पडला, म्हणून त्याने शिवणीचं निमित्त काढलं. मालकांना एवढं कळत नाही?"

"सगळं कळतं हो," मुकादम म्हणाला. "पण कराकडून सही कशी घेऊ?"

"वाद घालून पोट भरतं का?" दुसरी शिलाईवाली पुढे आली. "करा सही नि मोकळ्या व्हा. नाहीतर उद्या ऐंशी जणी घेऊन येते. मग दार लावून बसा."

"बसू की," मी म्हटलं. "दाराला कडी आहे आमच्या."

जाऊबाईंनी मला हातानेच थांबवलं. कागद घेऊन दोनदा वाचला.

"गप्प बसले, ती माझी चूक. ती मला नाकारायची नाही. सही करते."

मुकादमाने चटकन पेन काढलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"दिवसाला दोनशे जोड, यापलीकडे माझा हात चालत नाही. त्या पंधरा दिवसांत मी तपासले तीन हजार. तुम्ही नऊची चिठ्ठी घालून पाठवले चोवीस हजार. हे दोन आकडे माझ्या सहीच्या वर लिहा. बाकी मला काही नको."