आगबोटीचे शब्द

दरवर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात फादरांपुढे गुडघे टेकून मी पापं सांगितली – शेजारणीशी भांडले, प्रार्थना चुकवली, असली चिल्लर. हे मात्र तिथेही पोटातच राहिलं. आज सांगते.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. संगमनेरजवळच्या आमच्या मिशनमध्ये स्पेनचे एक फादर होते, मी त्यांच्या बंगल्यावर स्वयंपाक करी. त्यांच्या भावाचा अर्जेंटिनात संत्र्यांचा मळा होता. त्याला कलमं बांधणारा माणूस हवा होता, आणि आमच्या ह्यांच्यासारखी कलमं पंचक्रोशीत कुणाची जगत नसत. ह्यांनी जायचं असं ठरलं.

पण आगबोटीतून उतरलं की तिथला साहेब विचारतो – कुठून आलास, कशासाठी आलास, कुणाकडे जाणार? उत्तरं ज्याची त्यानं द्यायची, तीही स्पॅनिशमध्ये. हे दिवसभर इथल्या मळ्यात राबत. म्हणून फादर मला चुलीपाशी शब्द सांगत, मी पहाटे दळताना ते ओवीत बसवून घोकी आणि संध्याकाळी ह्यांना शिकवी. त्राबाखो म्हणजे काम. फ्रोंतेरा म्हणजे सरहद्द. पाईस म्हणजे देश. माझं पाठांतर पक्कं होतं – अजून आहे.

एकदा मी विचारलं, परत घरी जायचंय, याला काय म्हणतात? फादर हसले. म्हणाले, ते तिथं कुणी विचारत नाही.

तिथेच माझं मन फिरलं – की आधीच फिरलं होतं? भीती वाटली, पण ती कुणाला वाटत नाही? 'नका जाऊ' म्हणता आलं असतं की! तोंड काय शिवलं होतं माझं? ते म्हटलं नाही. मी – मी त्यांना शब्दच उलटेपालटे शिकवले. त्राबाखो म्हणजे सरहद्द, फ्रोंतेरा म्हणजे काम. आणि ते, दिवसभर राबून आलेले, डोळे मिटून घोकत बसत. कुठे अडखळले तर मी दुरुस्त करी. खोट्याचीही दुरुस्ती! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच ना?

ईस्टरनंतर फादरांनी व्हरांड्यात परीक्षा घेतली. ह्यांनी धुतलेला सदरा घातला होता. कशासाठी आलास? ह्यांनी मान ताठ करून सांगितलं – फ्रोंतेरा. पुढचंही तसंच. फादर दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळले.

"म्या बरूबर शिकवलं, फादर," मी म्हणाले. "लई येळा सांगितलं. ह्यांच्या ध्यानातच ऱ्हात न्हाई."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, लाजून. अर्जेंटिनाला ह्यांच्याऐवजी बेलापूरचा एक माणूस गेला.

हे अक्षरं गिरवायला मिशनच्या रात्रशाळेत जात, मग तीही सोडली. जन्मभर अंगठा उठवला. कलमाचं कुणी विचारायला आलं तरी म्हणत, मी मठ्ठ माणूस, मला काय इचारता? मी तिथेच भाकरी थापत असे. सांगायला किती संध्याकाळी मिळाल्या! प्रत्येक संध्याकाळी वाटे, आता फार उशीर झाला.

आमचा मुलगा तिसरीत नापास झाला तेव्हा मी छडी उचलली. ह्यांनी माझा हात धरला.

"मारू नगं त्याला. माझ्यावर गेलाय त्यो. काढ शाळंतनं, येऊ दे माझ्यासंगं मळ्यात."

मी छडी खाली ठेवली. सकाळी मास्तरांकडे जाऊन पोराचं नाव काढून टाकलं.