भाऊंनी सांगितलेलं माझं भाषण
मशीनच्या कॉफीचा वास आला की मला डार्मश्टाटची ती सभा आठवते. तेंदूपानं तोडणाऱ्या आम्हा बायकांच्या वतीने बोलायला युनियनच्या भाऊंनी मला जर्मनीला नेलं होतं. बाहेर बर्फ होतं, आत तिथले कामगार कप घेऊन बसले होते. "सभा वसाहतवादावर आहे ना, मग तुमच्याच भाषेत बोला, ताई," जर्मनमध्ये सांगायला आलेली पुण्याची विद्यार्थिनी म्हणाली. मी गोंडीत बोलले, "आमच्या डोंगरावर खाण येतेय. युनियनने आम्हा बायकांना न विचारता सही दिली. ती मागे घ्यायला लावा." गोंडी समजणारे तिथे भाऊ एकटेच. त्यांनी त्या मुलीला मराठीत सांगितलं, "ती म्हणते, युनियनमुळे आमचा डोंगर वाचला." "आल्झो," म्हणजे "तर", असं म्हणून तिने तेच जर्मनमध्ये सांगितलं. टाळ्या वाजल्या. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले. "आमची बाई लाजाळू आहे हो," भाऊ म्हणाले. मुलीने तेही सांगितलं आणि सगळे प्रेमाने हसले. आज डोंगराच्या जागी लाल खड्डा आहे. "भाऊ खोटं सांगतात" एवढं मराठी मला तेव्हाही येत होतं.