वन्संचे सिंह

सिंहांबद्दल माझ्या थोरल्या नणंदेला जेवढं ठाऊक होतं, तेवढं खुद्द सिंहांनाही ठाऊक नसेल. आणि वन्संनी उभ्या जन्मात एकही सिंह पाहिलेला नव्हता. नव्वद सालानंतरची गोष्ट. कसबा बावड्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात त्या बालवाडी चालवायच्या. वाचनालयातून आणलेलं प्राण्यांचं एक जाड पुस्तक त्यांनी इतक्यांदा बदलून परत तेच आणलं, की शेवटी ग्रंथपालानंच ते तुमच्याकडंच राहू द्या म्हणून सांगितलं. इतर बालवाड्यांत फळं, फुलं शिकवायचे. आमच्याकडं जूनमध्ये सिंह सुरू व्हायचा, तो दिवाळीपर्यंत पुरायचा. एखादा पाहुणा सहज 'जंगलाचा राजा' म्हणून गेला, तर त्याचा चहा निवेपर्यंत वन्सं त्याला समजावत, की आफ्रिकेतला सिंह गवताळ माळावर राहतो आणि राजाबिजा काही नसतो, बायकापोरांत रमणारा प्राणी आहे. कळपातलं कुठलंही पिल्लू कुठल्याही सिंहिणीचं दूध पितं, हे त्यांनी शिकवलं त्या दुपारी चार पोरं शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात शिरून भाकरीसाठी मांडी घालून बसली. आम्ही एकाच कळपातली, एवढंच त्यांचं म्हणणं.

हे सगळं गल्लीनं कौतुकानं चालवून घेतलं. पण एका वर्षी साखर कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ तणतणत दारात आले. त्यांची मुलगी वन्संकडं होती. आधी 'बाबा, तुम्ही सिंह हाय' असं ती म्हणाली, तेव्हा ते खूश झाले होते. मग तिनं पुढचं सांगितलं, की शिकार आई आणते, तुम्ही दिवसभर झोपता आणि पहिलं ताट तुम्हालाच लागतं. रात्रपाळी करून झोपणाऱ्या माणसाला ते फार लागलं होतं. मुलीला उद्यापासून पाठवणार नाही, आणि चार घरांनाही तेच सांगणार, असं ते म्हणाले. वन्संनी त्यांना पोरांच्या बसकरावर बसवलं आणि पुस्तक उघडलं.

"मग सिंह करतोय तरी काय?" गृहस्थांनी विचारलं.

"राखण करतोय. परके सिंह आले तर पिल्लं मारून टाकतात. ह्याची डरकाळी ऐकली की ते लांबच राहतात."

गृहस्थांनी पुस्तक स्वतःकडं ओढून चित्र पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हे पोरीला सांगितलं न्हाय व्हय तुम्ही?"

कुणापुढं हार न जाणाऱ्या वन्संचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पोरं भितील म्हणून तो भाग त्यांनी गाळला होता. "राहिलं. चुकलं माझं," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच वर्गात बोलावलं. ते पाळी संपवून तसेच आले, मळक्या कपड्यांत. त्यांनी अशी डरकाळी फोडली, की आत माझ्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीत पडली. दोन पोरांच्या चड्ड्या बदलाव्या लागल्या. त्यांची मुलगी मात्र जराही घाबरली नाही. 'हे माझे बाबा हायत,' असं ती प्रत्येकाला जवळ जाऊन सांगत होती.

पुढं इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या गल्लीच्या तोंडाशी थांबू लागल्या आणि वन्संची पोरं दरवर्षी कमी होत गेली. शेवटच्या वर्षी दोनच उरली. तरी जूनमध्ये सिंह सुरू झालाच. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सिंह केवढा, हे दाखवायला तीन पोरांना एकामागं एक आडवं झोपवावं लागायचं. एके सकाळी त्यांनी मला हाक मारली.

"अगं, शेपूट कमी पडतंय. तू ये."

मी हात पुसत आले आणि त्या दोघांच्या मागं थंड फरशीवर आडवी झाले. वन्संनी पुस्तकात पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि सिंहाचं शेपूट एवढं लांब नसतं म्हणून मला पाय दुमडून घ्यायला लावले. मी दुमडून घेतले. पोरं हसायची थांबेपर्यंत आम्ही तसेच पडून राहिलो. वन्सं खडूनं आमच्याभोवती रेघ ओढत होत्या, अगदी सावकाश.