लोकल असल्याचा दाखला

कर्नाटकातल्या आमच्या भालकीच्या बाजारात लोकल म्हटलं की माल हलका समजायचा. लोकल चप्पल महिन्यात तुटते, लोकल बस प्रत्येक फाट्यावर थांबते. दुकानदार आईला म्हणायचा, "अक्का, कंपनीची घ्या, लोकल कामून घ्यायलाव?" आपण शिकून लोकल राहायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

घरातली पहिली पदवीधर झाले, बी.एड. केलं. शिक्षकभरतीचा अर्ज भरताना कळलं, आमच्या भागातल्या बहुतेक जागा लोकल उमेदवारांसाठीच राखीव आहेत. मी दाखला काढायला तहसीलमध्ये गेले. कारकुनाने जन्माचा कागद पाहिला. जन्मगाव उदगीर, महाराष्ट्र.

"तुमी लोकल कुठं हाव?"

"आई माहेरी बाळंत झाली, सर. पहिलं बाळंतपण माहेरीच करतात ना."

"व्हय, माझ्या बायकोचंबी तिकडंच झालं," तो हळूच म्हणाला. "पण इथं जन्म न्हाई तर इथं सलग दहा वर्षं शिकल्याचा पुरावा आणा."

घरी आईला फार अपराधी वाटलं. "माहेरी जायच्या आधीच दुखलं असतं तर हितंच झाली असतीस."

अप्पा म्हणाले, "तुला न्यायला तुझ्या भावाला मीच बोलावलं होतं. आता कुणाकुणाला बोलू?"

उदगीरच्या मामांना फोन केला, तर ते हसले. "हितं तर तू कर्नाटकवाली, पोरी!"

शेवटी मी गावातल्या शाळेत गेले. गुरुजींनी जुनी रजिस्टरं स्वतः झाडून काढली. पहिली ते दहावी, बरोबर दहा वर्षं. पाचवीला मामा मला चांगल्या शाळेसाठी उदगीरला नेणार होते. तेव्हा हेच गुरुजी घरी येऊन बसले होते, "पोरगी हुशार हाय, हितंच राहू द्या," म्हणत. मी त्या दिवशी रडले होते आणि गुरुजींवर महिनाभर रुसले होते. आता त्यांच्या सहीच्या कागदावर दाखला मिळाला आणि पुढे नोकरीही.

गेल्या वर्षी धाकट्या भावाच्या बायकोला सातवा महिना लागला. तिचे वडील लातूरहून न्यायला आले. आईने चहा दिला, ओटी भरली आणि पदर सावरून म्हणाली, "लेक न्या, व्याही. लाडकोड करा. फक्त दुखायच्या आधी आणून सोडा."